परीक्षेचे विद्यापीठ आणि कोकणची वाट

‘विद्यापीठ’ हा शब्द थोडा फसवा आहे. पीठ म्हणजे आसन, बसण्याची जागा. शब्द कानी पडताच नालंदेचे विहार, गुरूभोवती जमलेले शिष्य, ग्रंथांनी भरलेली दालने असे काहीसे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने जन्मास आलेल्या मुंबई विद्यापीठाला असे आसनच नव्हते. तेथे वर्ग नव्हता, फळा नव्हता, शिक्षक नव्हता. अभ्यासक्रम ठरवावा, प्रश्नपत्रिका काढाव्यात, उत्तरे तपासावीत, निकाल लावावा आणि उत्तीर्णांना झगा घालून पदवी द्यावी, एवढेच त्याचे काम. शिकविण्याचे काम कॉलेजांचे. पहिला अध्यापन विभाग उघडला तो १९१९ साली, पॅट्रिक गेडिस हे समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले तेव्हा. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ हे विद्यापीठ न शिकविता पदव्या देत होते. राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला आणि त्याचे घड्याळ साऱ्या फोर्ट भागाला वेळ सांगू लागले. पण त्या घड्याळाच्या ठोक्यावर विद्यापीठाचा एकही तास भरत नव्हता.

ही कल्पना मूळची लंडनची. तेथे १८३६ साली स्थापन झालेले विद्यापीठ असेच परीक्षा घेणारे होते. १८५४ च्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानासाठी तोच नमुना सुचविला गेला आणि १८५७ या एकाच वर्षात, उत्तरेत बंडाचा वणवा पेटला त्याच साली, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे कायद्याने उभी राहिली. सरकारला ही व्यवस्था स्वस्त पडत होती, हे उघडच आहे. तथापि केवळ कंजूषपणा म्हणून तिची बोळवण करणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. सरकारी एल्फिन्स्टन, स्कॉटिश मिशनचे विल्सन, येशूसंघीयांनी १८६९ साली काढलेले सेंट झेवियर्स, कोल्हापूर दरबारचे १८८० चे राजाराम, टिळक-आगरकरांच्या पिढीने लोकवर्गणीतून १८८५ साली उभे केलेले फर्ग्युसन, अशा भिन्न धन्यांच्या कॉलेजांतील मुलांना एकच प्रश्नपत्रिका मिळे आणि एकाच मापाने त्यांची विद्या मोजली जाई. मुलगा कोणाचा, कॉलेज कोणाचे, हे परीक्षकास ठाऊक नसे. जातीपातीने आणि ओळखीपाळखीने चालणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

पण मापाची काठी एका शहरात ठेवली, म्हणजे ज्याला मोजून घ्यायचे त्याने त्या शहराच्या दिशेने चालावे लागते. कोकणच्या वाट्याला आले ते हे चालणे.

आमचे पाली गाव रत्नागिरी तालुक्यातले. मुंबईहून येणारा महामार्ग येथून पुढे लांजा-राजापूर करीत गोव्याकडे जातो आणि दुसरा फाटा नाणीज, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढतो व कोल्हापूर गाठतो. सकाळच्या वेळी या तिठ्यावर पाठीला दप्तर लावलेली मुलेमुली रत्नागिरीच्या एस.टी.ची वाट पाहत उभी असतात. त्यांच्या पणजोबांच्या काळी, म्हणजे १९४५ पूर्वी, पालीच्या एखाद्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे झाले, तर त्याला सर्वांत जवळचे कॉलेज घाट चढून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कोल्हापूर संस्थानात होते. दुसरी वाट समुद्राची. रत्नागिरीच्या बंदरातून आगबोट पकडून मुंबई गाठावी. पावसाळ्यात बंदरे बंद. मग ती वाटही मिटलेली. आज जो मोठा जिल्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असा दोन भागांत विभागला आहे (हे विभाजन १९८१ चे), त्या अखंड जिल्ह्यात विद्यापीठ स्थापन झाल्यापासून जवळजवळ नव्वद वर्षे पदवीपर्यंत नेणारे कॉलेज नव्हते.

आणि तरीही या जिल्ह्याने मुंबई विद्यापीठाला काय दिले ते पाहावे. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. जन्म मालवणचा, इंग्रजी शिक्षणाचा आरंभ रत्नागिरीच्या शाळेत, पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन. अंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पांडुरंग वामन काणे चिपळूण परिसरात जन्मले, दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या या विद्वानाला १९६३ साली भारतरत्न मिळाले. त्याच दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांना ते १९५८ साली मिळाले होते. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांना हा सन्मान १९९० साली, मरणोत्तर, मिळाला. जिल्ह्याचा एवढासा कोपरा, आणि तीन भारतरत्ने. कोकणी माणूस हे अभिमानाने सांगतो आणि त्याने सांगावेच. पण या नामावळीतील प्रत्येकाने नाव कोठे कमावले ते विचारले, म्हणजे उत्तरे येतात ती मुंबई, पुणे, केंब्रिज, न्यूयॉर्क आणि लंडन अशी.

परीक्षेसाठी चालण्याची गोष्ट कर्व्यांइतकी नेमकेपणाने दुसऱ्या कोणी सांगितलेली आम्हांस माहीत नाही. प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचे तर त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे आणि उमेदवाराचे वय सतरा पूर्ण असावे लागे. १८७५ साली मुरूडची ही काही मुले परीक्षेसाठी साताऱ्यास निघाली. अंतर शंभर मैलांहून अधिक. पावसाळी हवा, सह्याद्रीचा घाट, पाठीवर ओझे. चार दिवस पायपीट करून ती पोहोचली. परीक्षा समितीच्या प्रमुखाने कर्व्यांकडे पाहिले आणि हा मुलगा सतराचा दिसत नाही असा निर्णय दिला. त्यांची चण लहान होती, इतकाच त्यांचा अपराध. जवळ दाखला होता. पण दाखल्यापेक्षा साहेबाच्या डोळ्यांचा अंदाज मोठा ठरला. कर्वे परीक्षेला न बसताच परत फिरले. पुढे रत्नागिरीत थोडे इंग्रजी, मग मुंबईचे रॉबर्ट मनी स्कूल, १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बी.ए., असा त्यांचा प्रवास झाला. मॅट्रिक होताना ते तेवीस वर्षांचे होते. आजच्या पालकांनी हे वय थोडे लक्षात ठेवावे. मुलाचे एक वर्ष गेले म्हणून घरात सुतक पाळणारी कुटुंबे आम्ही पाहतो.

परीक्षेच्या या व्यवस्थेने आणखी एक जात निर्माण केली. ती म्हणजे नापासांची. मॅट्रिक, मग प्रीव्हियस, मग इंटर, मग बी.ए., अशी एकामागून एक दारे होती आणि प्रत्येक दाराशी फार मोठा लोंढा अडत असे. प्रवेश मिळविणे त्यामानाने सोपे, सुटणे अवघड. ‘मॅट्रिक नापास’ हीदेखील एक पात्रता होऊन बसली. नोकरीच्या अर्जात आणि सोयरिकीच्या बोलण्यात ती बिनदिक्कत सांगितली जाई, कारण निदान मॅट्रिकपर्यंत मजल गेली होती हे त्यातून कळे. मुंबईच्या गिरण्यांत, पेढ्यांत, टपाल कचेऱ्यांत आणि गोदीत कोकणचे जे चाकरमानी भरले, त्यांतील कितीतरी या अर्ध्या वाटेवरून वळलेले होते. त्यांची मनिऑर्डर गावी येई आणि त्या मनिऑर्डरीवर धाकट्या भावाचे शिक्षण होई. धाकटा शिकून पुन्हा मुंबईलाच जाई. कोकणच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर टपाल खात्याच्या वह्या आधी चाळाव्या लागतील.

जे चाललेच नाहीत, चालूच शकले नाहीत, त्यांचे काय? गरिबाच्या मुलाला निदान एखाद्या नातेवाइकाच्या खोलीत कोपरा मिळे, वार लावून जेवता येई. अस्पृश्य मानलेल्या मुलाला ना वार, ना कोपरा. आंबेडकरांचे वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले. मुलाचे शिक्षण मात्र पुढे साताऱ्यात व मुंबईत झाले. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती नसती तर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाचे दार त्यांना दिसले नसते. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांसाठी वर्ग सकाळी भरविण्याची सोय ठेवली. कचेरीत जाण्यापूर्वी कॉलेज! चाकरमान्याच्या दिवसाचा हिशेब ज्याला ठाऊक होता, त्यालाच हे सुचावे.

मुलींची तर गोष्टच वेगळी. मुलगा आगबोटीत बसून एकटा जाऊ शके; मुलीला तसे कोण धाडणार? म्हणून दूर शहरातील कॉलेज ही मुलांच्या बाबतीत अडचण होती, मुलींच्या बाबतीत बंदी होती. कर्व्यांनी हे ओळखले होते. हिंगण्याला विधवांचा आश्रम आणि महिला विद्यालय चालविताना त्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली. ते विद्यापीठ १९०१ साली तोकियोत निघाले होते. पुस्तिका आली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना ती पुन्हा उघडली आणि त्यांना आपला मार्ग सापडला. १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातुःश्रींचे नाव लागले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ.

या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये होती. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय म्हणून. आणि घरी राहून अभ्यास करणाऱ्या स्त्रीलाही परीक्षेला बसण्याची मुभा. गृहशास्त्रावरचा भर आज आपणांस संकुचित वाटेल. स्त्रीने शिकावे ते चांगली गृहिणी होण्यासाठी, हा त्यामागचा विचार आम्हांलाही पटत नाही. तरीसुद्धा घरी राहून परीक्षा देण्याची ती मुभा फार मोलाची होती. जी चालू शकत नाही तिच्यापर्यंत विद्यापीठाने चालत जावे, असा विचार या मुलखात प्रथम झाला तो साताऱ्याहून परत पाठविल्या गेलेल्या त्या मुरूडच्या माणसाकडून. सरकारने या पदव्यांना कायद्याची मान्यता दिली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. पस्तीस वर्षे कर्व्यांच्या विद्यार्थिनी अशी पदवी घेत होत्या, की जिला सरकारदरबारी किंमत नव्हती.

कर्व्यांना पूर्वेकडे पाहून दिशा मिळाली. आपणही थोडे तिकडे पाहू. पण जपानऐवजी त्याच्या शेजारी, कोरियात. कारण परीक्षा आणि राजधानी या दोन गोष्टींनी एखाद्या देशाचे काय होते, हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

कोरियात परीक्षा घेऊन सरकारी अधिकारी निवडण्याची पद्धत इ.स. ९५८ मध्ये चीनच्या धर्तीवर सुरू झाली आणि १८९४ पर्यंत चालली. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे पठण, निबंध, पद्यरचना यांत जो सरस ठरे तो अधिकारी होई आणि त्याचे घराणे प्रतिष्ठेस चढे. १३९८ मध्ये राजधानीत स्थापन झालेली सङग्यूनग्वान ही त्या विद्येची सर्वोच्च शाळा. म्हणजे आपल्याकडे लंडनहून आयात झालेली कल्पना तेथे नऊशे वर्षे मुरलेली होती. आधुनिक शिक्षण आले ते पुष्कळसे मिशनऱ्यांच्या हातून: मेरी स्क्रँटन या मेथडिस्ट बाईंनी १८८६ साली एका विद्यार्थिनीला घेऊन जी शाळा सुरू केली, तिचेच आज इह्वा हे विख्यात महिला विद्यापीठ झाले आहे. जपानी अमलात, १९२४ साली, सोलमध्ये एक शाही विद्यापीठ निघाले खरे, पण त्यात बहुसंख्य विद्यार्थी जपानी. १९४५ साली देश मुक्त झाला तेव्हा कोरियन माणसाला उच्च शिक्षणाची जी भूक होती, ती दोन पिढ्या उपाशी ठेवलेल्या माणसाची भूक होती. १९४६ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठ उभे राहिले. युद्धाने देश बेचिराख झाला, तरी खासगी विद्यापीठे निघतच राहिली. आपल्या झेवियर्सप्रमाणे तेथेही येशूसंघीयांनी १९६० साली सोगांग विद्यापीठाचा पाया घातला. आज कोरियातील सुमारे ऐंशी टक्के उच्च शिक्षणसंस्था खासगी आहेत.

ही खासगी विद्यापीठे कोणाच्या पैशावर उभी राहिली? त्याचे उत्तर कोरियन भाषेतील एका कडवट शब्दात आहे. पाश्चात्त्यांच्या अनुकरणाने तेथेही विद्यापीठाला ‘हस्तिदंती मनोरा’ म्हणत. गावाकडच्या शेतकऱ्यांनी आपले बैल विकून मुलांच्या फिया भरल्या, तेव्हा लोक म्हणू लागले, हा कसला हस्तिदंती मनोरा, हा तर बैलांच्या हाडांचा मनोरा! कलमांची बाग गहाण टाकून मुलाला इंजिनिअरिंगला घालणाऱ्या कोकणातल्या बापाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

त्यांची रचना मात्र आपल्याहून भिन्न आहे. तेथे संलग्न कॉलेज ही वस्तू नाही. चार वर्षांची विद्यापीठे आणि दोन-तीन वर्षांची व्यवसायशिक्षणाची महाविद्यालये, असे दोन मुख्य प्रकार. प्रत्येक संस्था स्वतः शिकविते, स्वतः परीक्षा घेते आणि स्वतःच्या नावाने पदवी देते. राष्ट्राची म्हणून जी सामायिक परीक्षा आहे ती प्रवेशाची. तिचे नाव सुनुंग. १९९३ पासून ती सध्याच्या स्वरूपात चालू आहे. दरवर्षी नोव्हेंबरातील एका गुरुवारी सुमारे पाच लाख मुले तिला बसतात. त्या सकाळी कचेऱ्या उशिरा उघडतात, शेअरबाजार एक तास मागे ढकलला जातो, उशीर झालेल्या मुलांना पोलीस आपल्या गाडीतून पोहोचवितात आणि इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीच्या वेळी देशभर विमानांचे चढणे-उतरणे अर्धा तास थांबते. अलीकडे बहुसंख्य जागा शाळेतील नोंदी आणि मुलाखती यांवर आधीच भरल्या जातात, तरी सुनुंगचा दरारा ओसरलेला नाही. आपल्याकडे जुन्या विद्यापीठात दार सुटताना अरुंद होते. त्यांच्याकडे ते आत शिरताना अरुंद आहे. शिरला तो बहुधा पदवी घेऊनच बाहेर पडतो. मग साहजिकच सारी चुरस प्रवेशापूर्वी, खासगी शिकवण्यांत. १९८० साली तेथील लष्करी राजवटीने शिकवण्यांवर बंदी घातली. २००० साली घटना-न्यायालयाने ती रद्द ठरविली. बंदीनेही काही साधले नाही आणि मोकळीकीनेही नाही. तरुण पिढीतील सुमारे सत्तर टक्के लोक पदवी वा पदविका घेतलेले, हे प्रमाण श्रीमंत देशांतही सर्वोच्च गणले जाते. हे यश खोटे नाही. पण सर्वच पदवीधर झाले म्हणजे पदवी कोणती याला महत्त्व उरत नाही. ती कोठली, याला येते. आणि ‘कोठली’चे उत्तर एकच, सोल.

कोरियात एक जुनी म्हण आहे: माणूस जन्मला तर त्याला सोलला पाठवा, घोडा जन्मला तर जेजू बेटावर पाठवा. म्हण आता उलटून देशाच्या अंगावर आली आहे. जन्मदर घसरला, मुले कमी झाली आणि आहेत ती राजधानीकडे धावतात. दक्षिणेकडील प्रांतांतली विद्यापीठे ओस पडू लागली, काही बंदही झाली. तेथे चेरीचा मोहोर आधी दक्षिणेत फुलतो आणि मग उत्तरेकडे सरकतो. म्हणून लोक म्हणतात की विद्यापीठे बंद होतील तीही मोहोर फुलण्याच्या क्रमाने.

हे वाचताना आम्हांस रत्नागिरी जिल्ह्याची खानेसुमारी आठवली. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. साऱ्या देशाची लोकसंख्या वाढत असताना येथील घटली. आणि याच मुलखाची शालान्त परीक्षेतील कामगिरी पाहा. कोकण विभागीय मंडळ वेगळे झाल्यावर २०१२ च्या परीक्षेपासून दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग राज्यात अग्रस्थान राखून आहे. २०२५ च्या बारावीत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के आणि कोकणचा ९६.७४, दहावीत राज्याचा ९४.१० आणि कोकणचा ९८.८२. वर्तमानपत्रे दरवर्षी मथळा देतात, कोकणची बाजी. बाजी मारलेली ही मुले जूनमध्ये कोठे जातात, याचा मथळा कोणी देत नाही.

या वाटेला पहिला खरा अडसर घातला तो रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने, १९४५ साली रत्नागिरीत कॉलेज काढून. तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. दुसरे महायुद्ध जेमतेम संपत होते, जिल्ह्यात रेल्वे नव्हती (ती यायला आणखी अर्धशतक लागले) आणि तरी गावच्या लोकांनी हे धाडस केले. मुंबईच्या कॉलेजांशी तुलना करता ते लहानच होते. पण ज्या मुलीला मुंबईला कोणी पाठविले नसते, ती रत्नागिरीत आत्याकडे राहून किंवा पालीसारख्या गावातून रोज ये-जा करून बी.ए. होऊ शकली, ती यामुळे. आमच्या मते जिल्ह्याच्या गेल्या शतकाच्या इतिहासातील मोठ्या घटना मोजायच्या, तर हिची गणना पहिल्या दोन-तीनांत करावी लागेल. पुढे चिपळूण, देवरूख अशी महाविद्यालये निघाली. १९८३ साली राज्य सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्या लाटेचे पाणी कोकणात उशिरा, नव्वदीत पोहोचले. आपल्या हाडांच्या मनोऱ्याचा आरंभ येथून. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रत्नागिरीला मिळायला २०२३ साल उजाडले.

मापाची काठी मात्र अजून मुंबईतच आहे. अनुदानित प्राध्यापकाचा पगार शासन देते, इमारत संस्था बांधते, शिकविणारा रत्नागिरीचा, शिकणारा पालीचा. पण पदवीवर नाव व सही मुंबई विद्यापीठाची, आणि जी महाविद्यालये स्वायत्त नाहीत त्यांचा अभ्यासक्रम व परीक्षाही पुष्कळशा तिकडच्याच. २०१७ साली विद्यापीठाने लक्षावधी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट एकदम घातला आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले, तेव्हा त्याची झळ सावंतवाडीपासून पालघरपर्यंत सर्वांना सारखीच बसली. एका दिव्यावर सारे घर, तो विझला की सगळीकडेच अंधार.

म्हणून स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्या बाजूने बोलणारे गोव्याकडे बोट दाखवितात आणि ते योग्यच आहे. गोव्यात सर्वसाधारण पदवी देणारी महाविद्यालये निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ पासून, आणि तीही आरंभी मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. १९८५ साली गोव्याने आपले विद्यापीठ उभारले. क्षेत्रफळाने गोवा आमच्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. विरोध करणारेही कोकणचेच आहेत, आणि त्यांचा मुद्दा ऐकून घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, आज आमच्या मुलाच्या पदवीवर मुंबईचे नाव आहे. ते गेले तर मुंबईच्या कचेरीत त्याला कोण विचारील? या प्रश्नात दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. पदवी ही मुंबईत नोकरी मिळविण्यासाठी असते, हे त्यात गृहीतच धरले आहे. कोरियन बापही सोलच्या नावासाठी हेच म्हणेल. आम्ही या वादात मागणी करणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. पण नव्या विद्यापीठाने मुंबईचीच काठी कापून तिचा एक तुकडा रत्नागिरीत ठेवला आणि पुन्हा परीक्षाच घेत बसले, तर त्यासाठी एवढी यातायात करण्याचे कारण नाही.

त्याने काय शिकवावे याचा एक नमुना जिल्ह्यातच आहे. १८ मे १९७२ रोजी दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. आंबा, काजू, नारळ, भात, मासळी, जांभ्या दगडावरची माती हे त्याचे विषय. ते परीक्षा घेते तसेच शिकविते आणि संशोधनही करते. त्याने काढलेली भाताची व आंब्याकाजूची वाणे अशा शेतकऱ्यांच्या दारी पोहोचली आहेत, की ज्यांच्या घरात कोणी पदवीधर नाही. त्याचे प्रवेश साऱ्या राज्यासाठी खुले असल्याने सातारा, सांगली, कोल्हापूरकडची मुले घाट उतरून शिकायला दापोलीला येतात. मुरूड तेथून दहा-बारा किलोमीटरवर आहे.